हवेचा कुंचला आणि गालावरचे पाणी

श्रावण लागला, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगावच्या गणपतीच्या शाळा गजबजतात. शाळा म्हणजे तुमची घंटेची आणि बाकांची शाळा नव्हे, बरे का! मूर्ती जेथे घडतात आणि रंगतात त्या मांगराला किंवा पडवीला इकडे 'गणपतीची शाळा' म्हणतात. गावकरी आपापल्या घरचा पाट तेथे आणून ठेवतात आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती डोक्यावरून घरी नेतात.

मालवणजवळच्या अशाच एका शाळेत मी काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेलो होतो. तेथील म्हाताऱ्या मूर्तिकारांना आम्ही सारे आबा म्हणतो. त्यांच्या नववीतल्या नातवाने वर्षभर पैसे साठवून एक स्वस्तातला एअरब्रश आणि छोटा काँप्रेसर घेतला होता. वीतभर उंचीच्या मूर्तींच्या गालांवर, सोंडेवर आणि पोटावर तो मोठ्या हौसेने गुलाबी छटा मारत होता. अर्धा-पाऊण तास काम छान चालले आणि मग एकाएकी फस् फस् असा आवाज होऊन एका मूर्तीच्या गालावर पाण्याचे चार-पाच थेंब उडाले. ओला रंग फाटला आणि खालची पांढरी माती दिसू लागली. आबा उठून आले. "ह्या पाणी खयसून इला?" त्यांनी विचारले. पोराने हात ओले ठेवले असणार, असे सगळ्यांनीच ठरवून टाकले. पोराच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्याचे हात तर कोरडे होते!

ते पाणी कोठून आले हे आपण शोधून काढू. पण त्यासाठी आधी हे हत्यार काय आहे ते समजून घ्यायला हवे. लहान मूर्ती, सावंतवाडीच्या चितारआळीत मिळतात तशी लाकडी फळे, विमानांच्या आणि आगगाड्यांच्या प्रतिकृती असे काही रंगवण्याची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. त्यांनी तर पुढचा मजकूर लक्ष देऊन वाचावाच.

एअरब्रशला मराठीत 'हवाकुंचला' म्हणायला माझी काही हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अब्नेर पीलर याने त्याचा पहिला ओबडधोबड नमुना बनवला. पुढे 1890 नंतरच्या काही वर्षांत चार्ल्स बर्डिक याने त्याला आजच्यासारखे पेनाच्या आकाराचे रूप दिले. त्यातले तत्त्व मात्र तुम्ही आत्ता, या क्षणी घरात पाहू शकता. पेल्यात पाणी घ्या. सरबताची नळी मधोमध कापून तिचे दोन तुकडे करा. एक तुकडा पाण्यात उभा धरा. त्याचे वरचे टोक पाण्याच्या पातळीपासून बोटभरच वर राहू द्या. दुसरा तुकडा आडवा धरून त्या टोकाजवळून जोराने फुंका. पाणी नळीतून वर चढेल आणि त्याचे तुषार उडतील. (हा प्रयोग वह्या-पुस्तकांपासून दूर करावा!) वेगाने जाणारी हवा आपल्याबरोबर शेजारची हवा ओढून नेते. त्यामुळे उभ्या नळीच्या टोकाशी दाब कमी होतो. पेल्यातल्या पाण्यावर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो आणि तो पाण्याला वर ढकलतो. वर आलेल्या पाण्याच्या हवेच्या माऱ्याने चिंधड्या उडतात.

हवाकुंचल्यात उभ्या नळीच्या जागी एक इवलीशी शंकूच्या आकाराची तोटी असते. तिच्या भोवतीच्या कड्यासारख्या फटीतून हवा सुटते. तोटीच्या भोकात एक लांब, निमुळती सुई बसवलेली असते. सुई पुढे असली की भोक बंद. ती जसजशी मागे ओढावी तसतशी फट मोठी होते आणि रंग जास्त येतो. म्हणजे हा नळ आहे, पण केसाएवढा.

आता निवडीचे पाहू. बाजारात हजार-दोन हजार रुपयांपर्यंत जे हवाकुंचले मिळतात त्यांत दोन जाती असतात. एकात घोडा दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात. रंगाचे प्रमाण मागच्या स्क्रूने आधीच ठरवून ठेवायचे. दुसऱ्यात घोडा खाली दाबला की नुसती हवा येते आणि दाबून मागे ओढला की रंग येतो. दुसरा शिकायला आठ दिवस जास्त लागतात, तरी तोच घ्या. गालावरची छटा कडेला विरत गेली पाहिजे आणि ते बोटाच्या ओढीवरच जमते.

रंगाची वाटी वर असलेला घ्यावा की खाली बाटली लटकणारा? लहान कामाला वरची वाटी. तीत रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो, म्हणून कमी दाबावर काम होते आणि चार थेंब रंगही पुरतो. खालच्या बाटलीतला रंग वर खेचायला हवेचा जोर जास्त लागतो आणि लहान मूर्तीवर तो जोर रंग पसरवून टाकतो.

तोटीचे भोक 0.2, 0.3 आणि 0.5 मिलिमीटर अशा मापांत मिळते. आकडे जवळजवळचे वाटतात, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. 2, 3 आणि 5 यांचे वर्ग करा: 4, 9 आणि 25. म्हणजे 0.5ची तोटी 0.2च्या सहापट मोठी! 0.2ने फार बारीक रेघ निघते, पण रंगातला बारीकसा कणही तिला तुंबवतो. 0.5 पार्श्वभूमीला ठीक. पहिला हवाकुंचला 0.3चा असावा, असे माझे मत आहे. आणि एक गोष्ट किमतीपेक्षाही महत्त्वाची: त्या नमुन्याची सुटी तोटी आणि सुटी सुई मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारा. या दोन वस्तू केव्हा ना केव्हा बिघडणारच. सुटे भाग नसतील तर उत्तम हवाकुंचलाही सहा महिन्यांत माळ्यावर जातो. दुकानात भिंग घेऊन जा, सुईचे टोक नखावरून हलकेच ओढून पाहा. ते अडखळले, तर टोकाला वाकडा आकडा आहे असे समजावे. मग नुसते पाणी घालून वर्तमानपत्रावर ठिपके मारून पाहा. ठिपका गोल उमटला पाहिजे. तो एका बाजूला झुकलेला असेल तर दुसरा नग मागा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

हवा कोठून आणायची? वीतभर मूर्तीसाठी 15 ते 25 पौंड दाब पुरतो. सायकलच्या दुकानात 'किती पौंड हवा मारू?' असे विचारतात ना, तेच हे पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला. हवा लागते मिनिटाला सुमारे 10 ते 15 लिटर. माशांच्या टाकीचा पंप लावून पाहणारे महाभाग मला भेटले आहेत. त्याने काही होत नाही, कारण तो हवा देतो, पण दाब जेमतेम तीन-चार पौंड. मोटारीच्या जादा चाकाचा उपाय जुना आहे आणि खेडेगावात लाईट गेल्यावर तो आठवतोही. तो किती वेळ चालेल ते काढून पाहू. टायरच्या आतले आकारमान समजा 25 लिटर आहे आणि दाब 30 पौंडांवरून 15 पौंडांवर येईपर्यंत आपण काम करणार. 15 पौंड म्हणजे जवळजवळ एक वातावरण. बॉइलच्या नियमाप्रमाणे त्यातून साधारण 25 लिटर मोकळी हवा निघेल. मिनिटाला 12 लिटर धरली, तर दोन मिनिटांचे काम! एक कान रंगून होईल. (टायरवाचून नुसती ट्यूब मात्र अशा दाबाने कधीही फुगवू नका, ती फुटते.)

तेव्हा छोटा दट्ट्याचा काँप्रेसर हवा. त्याला दाब कमी-जास्त करायची चावी, दाब दाखवणारी तबकडी आणि दोन-तीन लिटरची का होईना पण टाकी असावी. टाकी नसली की दट्ट्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हवा धडधडते आणि रेघेवर सुरवंटासारख्या गाठी उठतात. जुन्या फ्रिजचा काँप्रेसर काढून यंत्र जोडण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका. त्याला सुरक्षा झडप नसते आणि विजेच्या जोडण्या उघड्या राहतात.

आता आपल्या गालावरच्या पाण्याकडे येऊ. काँप्रेसरने काय केले? खोलीतली हवा आत ओढली आणि दाबली. ती हवा कसली? भाद्रपदातली, मालवणची. तापमान समजा 28 अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता 90 टक्के. 28 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅम बाष्प मावते. 90 टक्के म्हणजे तिच्यात सुमारे 24 ग्रॅम पाणी वायुरूपात आहेच. काँप्रेसरने ती 30 पौंडांवर दाबली. तबकडीवरचे 30 पौंड म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी दोन वातावरणे, एकूण तीन. म्हणून एक घनमीटर हवा आक्रसून एक तृतीयांश घनमीटर झाली. आणि आता गंमत पाहा. बाष्प किती मावेल हे हवेच्या दाबावर नव्हे, तर जागेवर आणि तापमानावर अवलंबून असते. एक तृतीयांश जागेत 28 अंशांना फक्त 9 ग्रॅम बाष्प मावेल. उरलेल्या 15 ग्रॅमनी कोठे जावे? त्यांचे पाणी होते!

15 ग्रॅम म्हणजे औषधाचे तीन लहान चमचे. मिनिटाला 12 लिटर हवेने एक घनमीटर संपायला सव्वा तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे सव्वा तासात तीन चमचे पाणी त्या पोराच्या यंत्रात आकाशातून येऊन पडत होते आणि सगळे त्याच्या हातांकडे पाहत होते.

हेच यंत्र चैत्रात सोलापूरला नेले तर? दुपारी 40 अंश तापमान, आर्द्रता 20 टक्के. 40 अंशांना घनमीटरमध्ये सुमारे 51 ग्रॅम बाष्प मावते, त्यातले 20 टक्के म्हणजे 10 ग्रॅम. दाबल्यावर उरलेल्या जागेत 17 ग्रॅम मावतील आणि आहेत तर 10च. एक थेंबही पडणार नाही. कोरड्या मुलखांत लिहिलेल्या पुस्तकांत पाणी अडवणाऱ्या भांड्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, 'हवे तर लावा' अशा थाटात येतो, त्याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. कोकणात ते हवे तर नव्हे, हवेच.

पण आबांच्या नातवाच्या यंत्राला हे भांडे होते! काँप्रेसरच्या तोंडालाच बसवलेले होते आणि आत कोरडे ठणठणीत होते. असे का व्हावे, याचा मीही बराच वेळ विचार करत बसलो. मग काँप्रेसरला हात लावला आणि चटका बसला. सायकलच्या पंपाचे बूड हवा मारताना तापते हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की ती तापते आणि तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते. त्यामुळे काँप्रेसरच्या तोंडाशी पाणी हे अजून पाणी झालेलेच नव्हते. ते वायुरूपात त्या भांड्यातून सुखरूप निघून गेले, पुढे रबरी नळीत हवा थंड झाली, तेथे नळीच्या आतल्या बाजूला थेंब धरले आणि ते थेंब नेमके गालावर गेले. वेशीवर पहारा ठेवला होता, पण चोराने वेश बदलला वेस ओलांडल्यावर!

उपाय त्यातच होता. आम्ही नळी चांगली चार-पाच मीटर लांब केली, तिची गुंडाळी गार शहाबादी फरशीवर पसरली आणि पाणी अडवणारे भांडे काँप्रेसरपासून काढून नळीच्या दुसऱ्या टोकाशी, हवाकुंचल्याच्या जवळ बसवले. टाकी असेल तर तिच्या बुडाशी एक निचऱ्याचा स्क्रू असतो. काम संपल्यावर टाकीतला दाब उतरवून तो सैल करावा आणि पाणी काढून टाकावे. टाकी लोखंडाची, आणि आपण समुद्रकाठचे. आतून गंजलेल्या टाकीत दाबलेली हवा साठवणे धोक्याचे असते.

रंगाविषयी थोडे. पोस्टर रंग डिंकासारख्या पदार्थात कालवलेला असतो. तो वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. ॲक्रिलिक रंग निराळा. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याला दाद देत नाही. मूर्तीवर हा गुण, तोटीत हा अवगुण. म्हणून हवाकुंचला रंग वाळण्याआधी धुवायचा असतो. उद्या सकाळी नव्हे. रंग दुधाइतका पातळ करा आणि जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळून घ्या. वाटीच्या कडेला कुंचल्याने रंग लावला, तर तो दुधासारखा ओघळून मागे पातळ थर राहिला पाहिजे.

किती अंतरावरून मारावा? येथे पुन्हा गणित आहे. एक घनसेंटिमीटर रंगाचा एकच गोल थेंब केला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे 5 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच 0.05 मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर ते दीड कोटीच्या वर होतात आणि सर्वांचा मिळून पृष्ठभाग 1200 चौरस सेंटिमीटर होतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून फार दूरून मारले तर थेंब वाटेतच सुकतात आणि मूर्ती हाताला खरखरीत लागते. फार जवळून मारले तर हवेच्या झोताने ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरतो. चार-पाच सेंटिमीटरपासून सुरुवात करून आपले अंतर आपणच शोधावे. आधी हवा सुरू, मग रंग; थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम चुकला, की तोटीच्या टोकाशी साचलेला थेंब पुढच्या वेळी मूर्तीवर बसलाच म्हणून समजा.

निगा राखायला रोज पाच मिनिटे लागतात. रंग ओतून टाका, वाटीत पाणी घाला, मऊ कुंचल्याने वाटी घोळून पाणी फवाऱ्यातून उडवा. असे तीन-चार वेळा, फवारा स्वच्छ येईपर्यंत. मग मागची टोपी काढून सुई मागच्या बाजूने सरळ ओढून काढा, ओल्या फडक्यावर ठेवून मागून टोकाकडे फिरवत पुसा. टोकाकडून मागे पुसाल तर टोक बोटात जाईल किंवा वाकेल. तोटी दर वेळी उघडण्याची गरज नाही. उघडलीत तर बसवताना बोटांनीच घट्ट करा. तिचे आटे पितळेचे आणि सुतासारखे बारीक असतात, पान्याचा एक वेढा जास्त झाला की ते तुटून आतच राहतात. माझी पहिली तोटी अशीच गेली, आणि दोष देण्यासारखे शेजारी दुसरे कोणी नव्हते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. त्याने धुतलेत तर शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या पावसाच्या पाण्याने करा. मिठातले क्लोराइड आतल्या पोलादी स्प्रिंगला गंज चढवते.

आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेल तेल असते. येथे मात्र ते नको. थंडीत तापमान 24 अंशांच्या खाली गेले की ते थिजते, जुने झाले की खवट आणि चिकट होते. शिवाय तेलाचा अंश रंगात गेला, तर तेवढ्या जागी पृष्ठताण बदलतो आणि रंग मागे सरून माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. घोड्याच्या सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरे. सुईच्या मागच्या भागाला ग्लिसरीनचे बोट लावावे.

बिघाड ओळखायला फार साधने लागत नाहीत. वाटीतल्या रंगात बुडबुडे येऊ लागले, तर हवा उलटी शिरते आहे: तोटी सैल आहे, चिरली आहे किंवा टोकाशी रंग सुकला आहे. हवेची गळती शोधायला पंक्चर काढणाऱ्यासारखे साबणाचे पाणी सांध्यांना लावा. फवारा एका बाजूला जाऊ लागला, तर सुईचे टोक वाकले आहे. ते काचेवर सपाट ठेवून फिरवत फिरवत बोटाने दाबा, मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

आणखी एक गोष्ट, आणि ती मूर्तीपेक्षा तुमच्याविषयीची आहे. फवाऱ्यातले मोठे थेंब खाली बसतात, पण 0.01 मिलिमीटरहून लहान कण श्वासाबरोबर खोलवर फुप्फुसात जातात. रुमाल बांधून ते अडत नाहीत. एन-95 मुखपट्टी कण अडवते, थिनरची वाफ मात्र तीही अडवत नाही. म्हणून शाळकरी मुलांनी थिनरचे रंग फवारूच नयेत. पाण्यातलेच वापरावेत, दारे-खिडक्या उघडून. मांगरात सापडलेला जुना पिवळाधमक किंवा शेंदरी तैलरंगाचा डबा तर अजिबात नको. अशा रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा घालणारा नियम भारतात 2016 साली झाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तो डबा त्याआधीचा असेल. हवेचा झोत कोणाच्या अंगावर, कानात किंवा डोळ्यांवर थट्टेनेही सोडू नये.

त्या रात्री नळी बदलल्यावर आबांनी फाटलेला गाल ओल्या कापसाने पुसला, पांढरा हात दिला आणि तो सुकल्यावर नातवाकडेच मूर्ती सरकवली. डोळ्यांची आखणी मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतः, तीन केसांच्या कुंचल्याने केली. ते काम हवेने होत नाही.

तुमच्याजवळ असा काँप्रेसर असेल, तर पुढच्या रविवारी एवढे करून पाहा. तासभर यंत्र चालवा आणि टाकीत, नळीत आणि भांड्यात जमलेले पाणी औषधाच्या मापात मोजा. त्या दिवशीचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता वर्तमानपत्रातून टिपून घ्या आणि वर केले तसे गणित मांडा. मोजलेले पाणी गणितापेक्षा थोडे कमी भरेल. बाकीचे कोठे गेले असेल?